पांढऱ्या डागाच्या मागे

मला रक्ताची भीती वाटते. अगदी लहानपणापासून. वाईला आमच्या घरी विळीवर कुणाचं बोट कापलं, तरी मी परसात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहत असे. बारावीनंतर वडील म्हणाले, नर्सिंगला जा, तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी कुणीतरी क्ष-किरणांच्या कोर्सची माहिती आणली. त्यात सुई नाही, चाकू नाही, रक्त तर नाहीच. माणसाला उभं करायचं, श्वास धरायला सांगायचं आणि बटण दाबायचं. मी आनंदाने नाव घातलं. पुढे लग्न होऊन सांगलीला आले, तिथल्या एका तपासणी केंद्रात नोकरीला लागले आणि नव्वदच्या दशकात आमच्या केंद्रात सीटी स्कॅनचं यंत्र आलं, तेव्हा त्याच्यावर माझी नेमणूक झाली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी रोज रक्तच पाहिलं. फक्त ते पांढरं होतं.

हे जरा समजावून सांगते. सीटी स्कॅन म्हणजे एक मोठं कडं. त्यात माणसाचं डोकं सरकवायचं. कडं फिरतं, क्ष-किरण सोडतं आणि आतल्या मेंदूचे आडवे काप पडद्यावर दाखवतं, आपण कांद्याच्या चकत्या करतो तसे. हाड पांढरंशुभ्र दिसतं, पाणी काळं, मेंदू राखाडी. आणि नस फुटून मेंदूत सांडलेलं ताजं रक्त पांढरं दिसतं. त्या काळचं यंत्र आजच्यासारखं चपळ नव्हतं. एक काप घेतला की थोडं थांबावं लागे आणि चित्र पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरे. त्या थांबण्यात माझा जीव निम्मा व्हायचा. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो माणूस, दाराबाहेर त्याची माणसं, आणि त्याच्या डोक्यात काय झालंय हे सगळ्यांच्या आधी मला दिसणार. मला तोंड मिटून बसायचं असे, कारण सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. गिऱ्हाइक म्हटलेलं डॉक्टरांना खपायचं नाही, पण माझा नवरा एसटीत, त्याच्या तोंडी तोच शब्द. यंत्र तापू नये म्हणून आमची खोली थंडगार ठेवलेली असे. फलटणकडची एक आजी आत पाऊल टाकल्या टाकल्या मागे सरली आणि म्हणाली, "बाई, हितं येवढा गारवा कशापायी? मढी ठेवत्यात व्हय हितं?" कुपवाडच्या एका कारखान्यातला फिटर टेबलावर झोपला आणि हळूच विचारू लागला, "मॅडम, डोक्यात चाललेलं सगळं दिसतं का हो? बायको बाहेर बसलीय." मी म्हटलं, "ते यंत्र अजून आलेलं नाही, निवांत झोपा." पण अशी चेष्टा करायची संधी क्वचितच मिळे. बहुतेक माणसं घाबरलेली असत आणि त्यांच्यापेक्षा मी जास्त.

आमचे डॉक्टर फिल्म बघताना हात पाठीमागे बांधून उभे राहत. सगळं ठीक असलं तर लगेच वळून पुढच्याचं नाव पुकारत. वाईट असलं तर चष्मा काढून पुसायला घेत. चष्मा स्वच्छ असला तरी पुसत. त्यांनी कानामागे हात नेला की मी दाराबाहेरच्या माणसांकडे बघणं टाळत असे.

एक माणूस मात्र माझ्या मनातून कधी गेला नाही. त्याचं नाव बिरा.

दसरा होऊन गेला होता. भर दुपारी आटपाडीकडून एक जीप आली. मागच्या बाकावर घोंगड्यात गुंडाळलेला तिशी-पस्तिशीचा गडी, अर्धवट शुद्धीत, कण्हत होता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन थोरला भाऊ सिदू बसला होता, पायांशी बिराची बायको अंजना. मेंढरं राखणारी माणसं. पावसाळ्यापुरती गावाकडे असतात आणि दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला उतरतात, ती पुढच्या पावसापर्यंत परतत नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाभळीवरनं पडला," सिदू म्हणाला. "मेंढरांस्नी पाला तोडत व्हता."

मी बिराचा हात पाहिला, पाय पाहिले. बाभळीवरून पडलेल्या माणसाच्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. डोक्याचा फोटो काढताना डोक्यावर धातूचं काही चालत नाही, म्हणून मी त्याचा पटका सोडायला घेतला. त्यात काटा काढायचा चिमटा खोचलेला होता.

"पटका ऱ्हाऊ द्या बाई," सिदू घाईने म्हणाला.

"नाही चालत. चित्र बिघडतं."

पटका सुटला आणि मला दिसलं की बिराच्या दोन्ही कानशिलांवर रुपयाएवढे डाग आहेत. काही जुने, काळे पडलेले. एकावर अजून खपली होती. तापवलेल्या लोखंडाचे डाग. त्या भागात दुखणं हटत नसलं की देतात. मी अंजनाकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला.

स्कॅन सुरू केला. पहिले काप बरे आले. मग उजव्या कपाळामागे लिंबाएवढा पांढरा डाग उतरला. पुढच्या कापात तो मोसंबीएवढा झाला. त्याच्या भोवती काळपट सूज, एवढी पसरलेली की मेंदू दुसऱ्या अंगाला रेटला गेला होता. ह्याने एवढ्यात जीव सोडला तर काय, एवढंच डोक्यात येत होतं.

डॉक्टर आले. हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले आणि मग चष्मा काढला.

"मार लागून झालेलं दिसत नाही हे," ते हळू आवाजात म्हणाले. "कवटी अखंड आहे. वरच्या कातड्याला सूज नाही. ब्लडप्रेशर वाढून नस फुटते म्हणावं, तर ह्याचं प्रेशर चांगलं आहे, आणि तसं रक्त सहसा आणखी खोल असतं. ही सूज बघा. आजच्या रक्ताला आजच एवढी सूज येत नाही. ह्या डागाच्या मागे कुणीतरी आधीपासून बसलंय."

कुणीतरी म्हणजे गाठ. मेंदूतली गाठ वाढताना स्वतःसाठी रक्तवाहिन्या तयार करते, पण त्या कच्च्या असतात. त्यातली एखादी फुटते आणि माणूस कोसळतो. तोवर घरात कुणाला पत्ता नसतो. रक्तस्राव ही त्या लपलेल्या गाठीची पहिली ओळख असते. आणि खरा घोटाळा पुढेच आहे. ते रक्तच गाठीला झाकून टाकतं. शिरेतून औषध सोडून फोटो काढला की गाठ पांढरी उजळते, पण आधीच सगळं पांढरं असेल तर त्यात ती कशी ओळखायची? एमआरआय तेव्हा आमच्याकडे नव्हता. रक्त शोषलं जाईपर्यंत महिना-दीड महिना थांबायचं आणि पुन्हा स्कॅन करायचा, हाच मार्ग होता. तोपर्यंत ती नस पुन्हा फुटली नाही तर.

डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "आधी कधी डोकं दुखायचं का?"

"न्हाई," सिदू म्हणाला. अंजनाने मान हलवून तेच सांगितलं.

डॉक्टर आत आले आणि मला म्हणाले, "मला नाही सांगायची ती. तुम्ही विचारा."

मी तिला पाण्याच्या माठाजवळ नेलं, पेला भरून दिला आणि माझ्या कानशिलावर बोट ठेवलं. बाईच्या डोळ्यांत एकदम पाणी उभं राहिलं.

"म्यागल्या साली पोराला डाग दिल्याला बघून तालुक्याचा डाक्टर लय बोलला व्हता. जनावरं हायसा म्हनला. म्हून सांगितलं न्हाई."

"मी नाही बोलणार. कधीपासून दुखतंय?"

"पाडव्यापासनं. सकाळी उठलं की धरायचं. उलटी झाली की जरा उतरायचं. लय झालं की सासूबाई इळा तापवायला सांगायच्या." तिने पेला खाली ठेवला. "म्याच दिलं डाग. माज्या हातानं."

पाडव्यापासून म्हणजे उन्हाळा, पावसाळा सगळा गेला. मी हे डॉक्टरांना सांगत होते, तेवढ्यात सिदू दारात येऊन उभा राहिला.

"सायेब, बाभळीवरनं पडला न्हाई त्यो. म्या ढकललं."

डॉक्टर फिल्म खाली ठेवून त्याच्याकडे वळले.

"मेंढरं लोकाच्या उभ्या पिकात शिरल्याली, अन् ह्यो बांधावर बसून हसतोय. हाका मारल्या तरी हसतोय. माजं डोस्कं फिरलं. धरून ढकलला, तर त्यो उठलाच न्हाई. जगंल न्हवं सायेब? म्या मारला न्हवं का त्याला?"

"हसत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. ईनाकारन."

डॉक्टरांनी पुन्हा चष्मा काढला. कपाळामागचा मेंदू दाबला गेला की माणूस असा बदलतो, हे त्यांनी मला मागे एकदा सांगितलं होतं. त्यांनी सिदूच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, हे दुखणं तुमच्या ढकलण्याच्या आधीचं असावं असं मला वाटतं. दीड महिन्याने पुन्हा फोटो काढला की पक्कं कळेल."

"माजी समजूत काडताय तुमी," सिदू म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

बिराला मिरजेला दाखल केलं. कवटी न उघडता औषधांवरच तो सावरला. आठवड्याभरात बोलू लागला, उठून बसला, आणि घरी गेला. जाताना त्याची माणसं माझ्याकडे येऊन गेली. मी अंजनाला बजावलं, "दिवाळी झाली की आणायचं. बरा दिसला तरी आणायचं." बरा दिसला तरी, हे मी दोनदा म्हटलं. मग सहज विचारलं, दिवाळीनंतर तुम्ही कुठे असता? ती म्हणाली, "आमची रानं ठरल्याली हायती. कराडाकडं आदी." हे मला तेव्हा कळलं, की शेतकरी आपल्या रानात रात्री मेंढरं बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांचं खत होतं, आणि दरसाल त्याच माणसांची तीच रानं त्याच क्रमाने येतात. तिने मला पहिल्या रानाच्या मालकाचं गाव सांगितलं. मी ते लक्षात ठेवलं, का ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

दिवाळी आली आणि गेली. कुणी आलं नाही. रोज सकाळी मी बाहेरच्या बाकांवर पटका दिसतो का बघत असे. तुळशीच्या लग्नासाठी पुन्हा चकल्या तळताना घाणा करपला, तेव्हा नवरा म्हणाला, "ह्या वर्षी फराळाला क्ष-किरण दिलेत वाटतं." मी त्याच्यावर ओरडले आणि मग सगळं सांगून टाकलं. सांगताना मला रडू आलं. डोळ्यांसमोर एकच यायचं. कुठल्यातरी उसाच्या कडेला तो बांधावर बसलाय, डागाच्या मागचा तो कुणीतरी पुन्हा फुटलाय, आणि जवळ रस्ता नाही, जीप नाही.

नवरा सांगली स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. एरवी थट्टेखोर माणूस, पण त्याने गावाचं नाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी कराडकडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप गेला, तिकडून एका दूधवाल्याकडे, तिथून रानाच्या मालकाकडे. निरोप एवढाच, की सांगलीच्या मशीनवाल्या बाईंनी बिराला बोलावलंय, जीवाचं काम आहे.

आणि एका दुपारी ती तिघं आली. बिरा स्वतःच्या पायांनी चालत आला, मला रामराम केला आणि हसला. मला इतकं हायसं वाटलं की मीही हसले. तो हसतच राहिला. माझं हसू थांबलं, तरी तो हसतच होता.

"आता पटका बी म्याच बांदती," अंजना खालच्या आवाजात म्हणाली. "त्याला गुंडाळाया येत न्हाई. लोकं म्हंत्यात बाहेरचं लागलंय. तुमचा निरोप आला अन् म्या म्हनलं, म्या जाती, कुनी येवा न्हाई तर न येवा."

सिदू दाराबाहेरच थांबला होता. मी त्याला आत बोलावलं, तर येईना. मला राग आला. "एवढं सांगूनही वेळेवर आणलं नाहीत. भावाचा जीव तुम्हाला नको का?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, फोटूत काय निघालं न्हाई तर?"

"तर चांगलंच की!"

"चांगलं कसं? काय निघालं न्हाई म्हंजे मग ते माज्याच हातानं झालं."

भाऊ चालता-फिरता दिसत होता, आणि गाठ नाही असं ठरलं तर आयुष्यभर आपण मारेकरी, या भीतीने हा माणूस मेंढरं घेऊन पुढे पुढे चालत सुटला होता. आम्हाला भीती होती गाठ असण्याची, त्याला होती गाठ नसण्याची.

सिस्टरने बिराच्या शिरेत औषध सोडलं. मी सवयीने तोंड फिरवलं. मग काचेमागे बसले. साध्या फोटोत पांढरा डाग गेला होता, त्या जागी काळसर पोकळी होती. औषधानंतरचे काप यायला लागले. त्या पोकळीच्या कडेला काहीतरी उजळू लागलं. आधी एक कड, मग वेडीवाकडी गाठ, अक्रोडासारखी. इतके दिवस रक्ताच्या आडोशाला बसलेली ती तिथे स्वच्छ दिसत होती. मी देवाचं नाव घेत होते, पण काय मागायचं ते मला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि सिदूला आत बोलावलं. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून बोट ठेवत सांगितलं, "हे हाड. सगळीकडून अखंड आहे, कुठे चीर नाही. ही गाठ. ही काही दीड महिन्यात झालेली नाही, खूप आधीची आहे. हिच्यातूनच रक्त आलं. त्याचं डोकं दुखणं हिचं आणि ते हसणंही हिचंच."

"म्हंजे माज्या हातानं...?"

"नाही. तुमच्या हाताने नाही."

सिदूचा चेहरा उजळला. मी तसा उजळलेला चेहरा त्या खोलीत पुन्हा पाहिला नाही. त्याने दोन्ही हात जोडले. "लय उपकार झालं सायेब. लय उपकार..." आणि बोलता बोलता त्याची नजर काचेपलीकडे गेली. बिरा टेबलावर उठून बसला होता आणि छताकडे बघून हसत होता. सिदूचे जोडलेले हात तसेच राहिले. आपण कशाबद्दल उपकार मानतोय ते त्याला उमजलं. त्याने फाडकन स्वतःच्या तोंडात मारून घेतली. एकदा, दोनदा. डॉक्टरांनी हात धरला म्हणून थांबला.

अंजना आजवर त्याच्यासमोर पदर पुढे ओढून वावरत होती, त्याच्याशी थेट एक शब्द बोललेली मी ऐकली नव्हती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "भावजी, पुरं करा. तुमी ढकललं नसतं तर आमी हितवर आलोच नसतो. म्या डागच देत बसली असती."

मिरजेला शस्त्रक्रिया झाली. गाठ सगळी निघाली नाही, पण बरीचशी निघाली, आणि ती लवकर वाढणाऱ्यातली नव्हती एवढं आमच्या कानावर आलं. पुढे काही कळलं नाही. आमच्या कामात तसंच असतं. आम्हाला माणसाच्या डोक्याच्या आतलं दिसतं आणि माणूस दाराबाहेर गेला की पुढचं काहीच दिसत नाही. ह्याची मला कायम चुटपुट लागलेली असे.

त्यानंतर काही वर्षांनी, दशक सरत आलं होतं तेव्हा, मी माहेरी वाईला निघाले होते. कराड सोडल्यावर एसटी थांबली. मेंढरांचा मोठा कळप रस्ता ओलांडत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागला होता. खिडकीतून मला सामान लादलेलं एक घोडं दिसलं आणि त्याचा दोर धरून चाललेली बाई दिसली. मी कंडक्टरला विनवून खाली उतरले.

अंजनाने मला लगेच ओळखलं. तिचं कपाळ मोकळं होतं. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं, "म्यागल्या पावसात गेलं. पर तोवर मेंढरामागं हिंडत व्हतं, बाई. पटका बी आपल्या हातानं बांधीत व्हतं." तिने हे दुसरं वाक्य जास्त ठासून सांगितलं.

तेवढ्यात मागून सिदू आला. केस पांढरे झाले होते. रामराम केला, आणि घोड्यावरच्या सामानातून पत्र्याची एक नळी काढली. तिच्यातून गुंडाळी ओढली. आमचीच फिल्म.

"भावकीत अजून म्हंत्यात, थोरल्यानं हात उगारला व्हता म्हून," तो म्हणाला. "जो म्हंतोय त्याला दावतो. ह्ये बगा, हाड कुटं मोडल्यालं न्हाई. व्हय का न्हाई बाई? तुमीच सांगा."

त्याने फिल्म उन्हासमोर धरली. कधीतरी पावसात भिजून तिचे पदर एकमेकांना चिकटले असावेत आणि ओढून सोडवताना वरचा थर निघून गेला असावा. कवटी नव्हती, गाठ नव्हती. धुरकट पट्टे तेवढे उरले होते. तरी सिदूचं बोट बरोबर उजव्या कपाळापाशी होतं. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. गाडीतली माणसं खिडक्यांतून बघत होती.

मी फिल्मची दुसरी कड धरली, डोळे बारीक केले आणि नीट बघितल्यासारखं केलं.

"व्हय," मी मोठ्याने म्हणाले, खिडकीतल्यांनाही ऐकू जाईल असं. "दिसतंय की. हाड अखंड हाय."